तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या ट्रॅक्टरला पुढून बर्फाचे पाते

जुन्या ट्रॅक्टरला पुढून बर्फ सारायचे पाते बसवता येते का, आणि येत असेल तर ते ट्रॅक्टरला नेमके कुठे धरायचे, हा प्रश्न मला दर वर्षी थंडीच्या तोंडावर कोणी ना कोणी विचारतेच. विचारणारी बहुतेक आपलीच माणसे असतात. कोणी व्हर्मांटमध्ये, कोणी ऑन्टारिओत, कोणी माझ्यासारखे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात गावाबाहेर चार-पाच एकरांसह घर घेतलेले असते आणि त्या घराबरोबर कोठारातला एखादा जुना ट्रॅक्टरही पदरात पडलेला असतो. फोनवर मी तुटक उत्तरे देत आलो. आज सविस्तर लिहितो. पाते बसवता येते, आणि चांगले बसवता येते. मात्र पाते पुढे असले तरी त्याचा धक्का मागच्या चाकांच्या आसाने, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलने घेतला पाहिजे. बाकीच्या बाबतीत थोडे इकडेतिकडे झाले तर निभावते, या बाबतीत निभावत नाही.

माझे घर सिराक्यूज शहराच्या उत्तरेला आहे. ऑन्टारिओ सरोवर सहसा पूर्णपणे गोठत नाही, त्यामुळे त्याच्या पाण्यावरून येणारा कोरडा, बोचरा वारा वाफ उचलतो आणि किनारा ओलांडताच ती बर्फाच्या रूपाने आमच्या अंगणात टाकतो. सिराक्यूजची हिवाळ्याची सरासरी १२० इंचांच्या आसपास आहे; म्हणजे बर्फ न वितळता साचत गेला असता तर माणसाच्या डोक्यावरून पाच फूट वर गेला असता. रस्त्यापासून घरापर्यंत माझी खडीची वाट ६०० फूट लांब आहे. ताजा बर्फ हलका असतो, पण सार्वजनिक रस्ता साफ करणारी मोठी गाडी वाटेच्या तोंडाशी जो बांध घालून जाते, तो रात्रीतून दगडासारखा घट्ट होतो. पाते बसवताना विचार करायचा तो या बांधाचा. भुरभुरणारा बर्फ काय, खोऱ्यानेही निघतो.

माझा ट्रॅक्टर फोर्ड ८एन आहे. हा १९४७ ते १९५२ या काळात बनला, पाच लाखांहून अधिक बनला, आणि म्हणूनच आजही अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत जागोजागी दिसतो. वजन ११०० किलोच्या आसपास. त्याला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. पुढच्या अ‍ॅक्सलचा आधार इंजिनाला बोल्टने जोडलेला, इंजिन गिअरबॉक्सला, गिअरबॉक्स मागच्या अ‍ॅक्सलच्या घराला, असा एकामागून एक बिडाचा ठोकळा जोडून तो उभा राहिलेला आहे. इंजिनाखालचे तेलाचे भांडेसुद्धा बिडाचे असते, कारण तेही या कण्याचाच एक मणका आहे. बीड दाब सोसते, पण पिळल्यावर किंवा फटका बसल्यावर वाकत नाही, तडकते.

शिवाय हा ट्रॅक्टर मागून ओढण्यासाठी घडवलेला आहे. आमच्या गावी, नगर जिल्ह्यात, वडिलांकडे मॅसी १०३५ होता, आणि त्याच्या मागे नांगर अडकवताना खालच्या दोन लिंका आणि वरची टॉप लिंक मी लहानपणापासून पाहत आलो. इथे ८एनच्या मागे पहिल्यांदा वाकलो तेव्हा तीच तीन टोकांची (थ्री-पॉइंट) जोडणी दिसली. आयरिश यंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसनने ही रचना १९३८ साली हेन्री फोर्डपुढे ठेवली, दोघांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि पुढच्या वर्षी फोर्ड ९एन बाजारात आला. पुढे हेन्री फोर्डच्या नातवाच्या काळात हा करार मोडला, खटला झाला, फर्ग्युसनची कंपनी मॅसी-हॅरिस कंपनीत मिळाली, आणि मद्रासला १९६० साली स्थापन झालेल्या टॅफे या ट्रॅक्टर कंपनीमार्फत तेच मॅसीचे नाव आमच्या शिवारात पोहोचले. म्हणून गावचा मॅसी आणि इथला फोर्ड मला भाऊबंद वाटतात. या रचनेत नांगराचा सगळा ओढा मागच्या अ‍ॅक्सलवर येतो आणि चाके जमिनीत अधिक रुतवतो. पुढच्या भागाने फक्त आपले वजन वाहायचे आणि वळायचे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. पुढे पाते लावतो तेव्हा आपण त्या नाजूक बाजूवर ट्रॅक्टरची सगळी ताकद उलट दिशेने ढकलतो.

हे मी वाचून शिकलो नाही. पहिल्या वर्षी मी सोपा मार्ग धरला आणि पात्याचे दोन कान थेट पुढच्या अ‍ॅक्सलला यू-बोल्टने आवळले. डिसेंबरभर काम उत्तम चालले. जानेवारीत एका सकाळी तोंडाशी असलेल्या त्या गोठलेल्या बांधाला दुसऱ्या गिअरमध्ये पाते भिडले आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थबकला. आवाज मोठा झाला नाही, म्हणून मी काम चालूच ठेवले. दुपारी कोठारात उभा केल्यावर दिसले की पुढची दोन्ही चाके एका दिशेला पाहत नाहीत. ८एनच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपासून मागे गिअरबॉक्सच्या पोटाकडे दोन रेडियस रॉड गेलेले असतात. अ‍ॅक्सल मागे सरकू नये एवढेच त्यांचे काम. त्यातला उजवा रॉड मधोमध वाकला होता. त्याच्या शेजारून समांतर जाणारा स्टिअरिंगचा दांडा मात्र सरळ होता, आणि म्हणूनच चाक बाहेरच्या बाजूला फिरले होते. एक रॉड बदलून मी सुटलो. तोच फटका पुढच्या आधाराच्या बोल्टांवरून इंजिनाच्या बिडाला गेला असता, तर ट्रॅक्टर भंगारात गेला असता.

त्या उन्हाळ्यात चौकट बनवली. चार इंची दोन सी-चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराचे पोलादी दांडे), प्रत्येकी ९६ इंच लांब, मागच्या अ‍ॅक्सलच्या घरापासून पोटाखालून निघून पुढच्या चाकांच्या पुढे येतात. ८एनच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर ७० इंच आहे. पाते तिरके असताना आणि चाके पूर्ण वळलेली असताना त्याचे टोक टायरला लागू नये, यासाठी त्याहून जास्तीची लांबी लागते. लोखंड कापण्याआधी मी पुठ्ठ्याचे पाते कापून ते जमिनीवर फिरवून पाहिले, आणि तुम्हीही पाहावे. मागे प्रत्येक चॅनेलला पाऊण इंची जाड पाटी जोडली आहे, आणि ती पाटी अ‍ॅक्सलच्या घराला, गिअरबॉक्सच्या शक्य तितक्या जवळ, दोन-दोन यू-बोल्टने आवळली आहे. धक्का इथे येऊन थांबतो. पुढे मात्र चौकट घट्ट बांधलेली नाही. अ‍ॅक्सलच्या आधाराला एक टांगणी आहे, ती चौकटीचे वजन उचलते, तिला आडवी डुलू देत नाही, पण टांगणीची छिद्रे लांबट ठेवल्यामुळे चौकट दोन सूत (पाव इंच) पुढेमागे सरकू शकते. हे दोन सूत म्हणजे सगळ्या कामाचा जीव आहे. छिद्रे गोल आणि घट्ट ठेवली तर धक्का मागे पोहोचण्याआधीच पुढचा आधार तो स्वतःवर घेईल, आणि चौकट असूनही नसल्यासारखी होईल.

चौकटीला वेल्डिंग करा, ट्रॅक्टरला करू नका. बिडावरची वेल्डिंग हे वेगळे शास्त्र आहे आणि शेजारच्या भागाला तडा देऊन जाते. बोल्ट विकत घेताना त्यांचे डोके पाहावे, ताकदीची श्रेणी (ग्रेड) त्यावरून कळते. डोक्यावर मध्यापासून निघालेल्या तीन रेघा असल्या तर तो ग्रेड ५, सहा असल्या तर ग्रेड ८; ज्या डोक्यावर एकही रेघ नाही, तो या कामाला घेऊ नये.

दोन बारीक गोष्टी लोक हमखास विसरतात. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनेवर डुलतो. एक चाक ढेकळावर चढले की दुसरे खाली जाते. चॅनेल त्याच्या खालून नेताना त्या डुलण्याला जागा सोडावी लागते. मी पुढच्या डाव्या चाकाखाली जॅक लावून ते सहा इंच उचलले आणि अ‍ॅक्सल कुठे येतो ते खडूने चॅनेलवर आखून घेतले, मग चौकट पुढच्या बाजूला निमुळती केली. दुसरी गोष्ट पोटाखालची. क्लचच्या घराच्या तळाशी एक छोटे छिद्र असते आणि त्यात एक कॉटर पिन लोंबत असते. ट्रॅक्टर हादरला की ती पिन हलते, छिद्र मोकळे राहते, आणि आत झिरपलेले तेल क्लचवर न साचता थेंबथेंब बाहेर पडते. माझ्या चौकटीची मधली आडवी पट्टी आधी बरोबर तिच्या खाली येत होती आणि तिथे चिखल साचून पिन जाम झाली असती. पट्टी चार इंच मागे घेतली आणि बोल्टची केली, म्हणजे तेल बदलताना ती सोडवता येते.

पात्याची रुंदी हा हिशेबाचा भाग आहे. माझ्या ट्रॅक्टरची मागची चाके बाहेरून बाहेर ६५ इंच भरतात. सहा फुटी म्हणजे ७२ इंची पाते ३० अंशांत तिरके केले की ते समोरून सुमारे ६२ इंचच झाकते, आणि मागचे चाक न सारलेल्या बर्फावरून जाते. साडेसहा फुटी पाते तिरके असतानाही साडेसदुसष्ट इंच झाकते. म्हणून साडेसहा फूट. पिकअप ट्रकचे साडेसात फुटी पाते भंगारात स्वस्त मिळते, आणि मोह होतो. पण त्याचे वजन पुढच्या अ‍ॅक्सलला झेपणारे नसते. पात्याला मागून स्प्रिंग असल्याच पाहिजेत, म्हणजे दगड लागल्यावर पाते पुढे झुकून त्यावरून निघून जाते. खडीच्या वाटेवर खालचे बूट (पाते ज्यांवर टेकून घसरते ते) असे ठेवावेत, की धार जमिनीपासून चार ते सहा सूत वर राहील. पहिल्या बर्फाला थोडा थर मागे राहतो, तो राहू द्यावा. तोच दाबला जाऊन हिवाळाभर रस्त्याचे काम देतो, आणि खडी वसंतात हिरवळीत वेचत बसावी लागत नाही.

उचलण्याबद्दल सर्वांत जास्त प्रश्न येतात. मागच्या लिफ्टच्या हातांना तार बांधून ती कप्प्यांवरून पुढे नेणे ही जुनी पद्धत आहे आणि ती चालते. पण ८एनचा हायड्रॉलिक पंप पीटीओच्या, म्हणजे अवजारांना इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या, दांड्यावरच फिरतो, त्यामुळे क्लच दाबला की पंप थांबतो. ढीग गाठल्यावर आपण क्लच दाबतो, नेमके तेव्हाच पाते उचलायचे असते. शिवाय लिफ्ट अशी गुंतली की मागे वजन टांगायला जागा उरत नाही. म्हणून मी विजेची छोटी विंच (दोर गुंडाळून वजन उचलणारे यंत्र) बसवली. त्यासाठी मूळची ६ व्होल्टची वायरिंग १२ व्होल्टवर न्यावी लागली. त्यानंतर थंडीत ट्रॅक्टर सुरूही पटकन होऊ लागला. विंचची पोलादी तार ढोलाशी एकाच जागी मुडपून तुटते. तिथे कृत्रिम धाग्याचा दोर घालावा आणि तो दर हिवाळ्याआधी बदलावा. दोराने पाते फक्त उचलले जाते, खाली दाबले जात नाही, याची काहींना खंत वाटते. मला ते हवेच आहे: पाते आपल्या वजनावर तरंगते आणि वाटेच्या उंचसखलपणाबरोबर चालते.

मागचे वजन नसेल तर हे सगळे व्यर्थ आहे. पाते उचलले की मागची चाके हलकी होतात आणि बर्फावर जागच्या जागी फिरतात. मी मागच्या टायरांत बीटचा रस भरून घेतला आहे. साखर काढून उरलेला हा रस थंडीत गोठत नाही, पाण्याहून जड असतो, आणि कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यासारखा रिम खात नाही. चाकांवर साखळ्या आहेत, आणि थ्री-पॉइंटवर सिमेंट भरलेले पिंप टांगले आहे.

मागेच पाते लावले तर काय, असेही विचारता. लावावे, ज्यांची वाट शंभर फुटांची आहे त्यांनी तेच करावे, खर्च नाही आणि ट्रॅक्टरला धोका नाही. लांब वाटेवर मात्र आधी चाकांखाली बर्फ तुडवला जातो, मग पाते येते, आणि तासभर मान मागे वळवून बसावे लागते. साठीच्या पुढे ते जमत नाही. आणखी एक: या ट्रॅक्टरला उलटल्यावर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान नाही. बर्फाखाली चारीचा काठ दिसत नाही, म्हणून नोव्हेंबरातच वाटेच्या दोन्ही कडांना रंगवलेल्या काठ्या रोवाव्यात आणि ढीग चारीच्या बाजूला नेताना पहिल्या गिअरच्या वर जाऊ नये.

पहिल्या बर्फाचे काम संपले की ट्रॅक्टर थंड होऊ द्यावा आणि मागचे यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. पहिल्या वेळी ते पाव फेरा तरी घेतातच. मी त्यांच्या नटांवर आणि पाटीवर मिळून एक पांढरी रेघ ओढून ठेवली आहे, म्हणजे पुढच्या वेळी वाकून नुसते पाहिले तरी रेघ जुळते की नाही ते कळते.