वाढीच्या विरोधात का बोलता, असे तुम्ही विचारलेत म्हणून

लातूरच्या एका महाविद्यालयात मी २८ वर्षे अर्थशास्त्र शिकवले. निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात, बाजार समितीच्या आवारात आणि फोनवर जुने विद्यार्थी मला एकच प्रश्न विचारतात: "सर, विकासदर तुम्हीच शिकवलात, मग आता वाढीच्या विरोधात का बोलता?" काहीजण पुढे जाऊन म्हणतात की ज्या मराठवाड्याचा अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूटच भरून निघाली नाही, त्याला थांबायला सांगण्याचा अधिकार पेन्शन घेणाऱ्या माणसाला कोणी दिला? हे बोलणे मला लागते, कारण त्यात तथ्य आहे.

तरीही एकदा नीट सांगतो. वाढ नको असे मी कुठेही म्हटलेले नाही. देशाचे सकल, म्हणजे एकूण, उत्पन्न वाढले म्हणजे माणसे सुखात आहेत, असे मानू नका, एवढेच मी म्हणतो. आणि हे माझे संशोधन नव्हे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीची पद्धत ज्यांनी घडवली, त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसला दिलेल्या अहवालात बजावले होते की राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. त्यांची पद्धत मी दरवर्षी फळ्यावर लिहून दिली आणि हा इशारा दरवर्षी गाळला, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. अनुशेषाचेही तसेच. विभागांमधला असमतोल तपासण्यासाठी राज्य सरकारने नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये तो काढला, तेव्हा सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात काय कमी आहे ते मोजले होते. म्हणजे आपले सर्वांत मोठे गाऱ्हाणेसुद्धा आपण निव्वळ उत्पन्नाच्या आकड्यात मांडलेले नव्हते.

पण मी पुस्तके वाचून बदललो, असे सांगितले तर ते खोटे ठरेल.

२०१६ च्या मार्च महिन्यात आमच्या शेतात चार एकर ऊस उभा होता आणि विहिरीने तळ गाठला होता. धाकट्या भावाने विचारले, "दादा, बोअर घ्यायचा का? तू हिशेब करून सांग." मी वहीत हिशेब मांडला: बोअरचा खर्च, केसिंग, मोटार, केबल, एकरी अपेक्षित टनेज, कारखान्याचा दर. ऊस वाळला तर होणारे नुकसान बोअरच्या खर्चापेक्षा मोठे दिसत होते, म्हणून मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून दिले. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घेण्यास राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने मनाई केली आहे, हे मला ठाऊक होते. ६० मीटर म्हणजे सुमारे २०० फूट. आमचा पहिला बोअर ५०० फुटांवर कोरडा गेला, नुसती धूळ उडाली. दुसऱ्याला ६२० फुटांवर पाणी लागले, तेव्हा भावाने नारळ फोडला आणि मी वहीतल्या आकड्यांखाली समाधानाने रेघ ओढली.

बांधापलीकडे आमच्या चुलतीचा जुना बोअर होता, साडेतीनशे फुटांचा. घरापुरते आणि दोन म्हशींपुरते पाणी तो देत असे. आमची मोटार सुरू झाल्यावर दहा-बारा दिवसांत तो गुळण्या टाकू लागला आणि मग बंद पडला. आमच्याच बोअरमुळे तो आटला, हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. तो दुष्काळच तसा होता, आणि कितीतरी दिवस मी स्वतःला हेच समजावले. ती संध्याकाळी बांधावर आली आणि म्हणाली, "बाबा, हौदापुरतं तरी सोडा की." रात्रीची लाईट होती, पाळी अर्धी झाली होती, वरच्या पट्ट्यातला ऊस माना टाकत होता. उद्या बघू, असे भाऊ म्हणाला. मी तिथेच उभा होतो आणि काही बोललो नाही. तो उद्या आला नाही. १२ एप्रिलला मिरजेहून ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, आणि त्याच आठवड्याच्या बाजारात चुलतीने दोन्ही म्हशी विकल्या.

ती वही अजून माझ्याकडे आहे. वर्गात शिकवलेल्या पद्धतीने मी तिच्याकडे पुन्हा पाहिले. बोअरच्या गाडीचे भाडे, डिझेल, नवी मोटार, टँकरचे पैसे, गाळपाला गेलेला ऊस हे सगळे देशाच्या उत्पन्नाच्या हिशेबात कुठे ना कुठे जमेस धरले जाते. म्हशींची किंमत त्यात धरत नाहीत, कारण ती जुनी मालमत्ता. दलालाची दलाली मात्र धरतात. निव्वळ उत्पन्न काढताना मोटारीचा घसारा, म्हणजे वापराने होणारी झीज, वजा होतो, पण ६२० फुटांवरून उपसलेल्या पाण्याचा होत नाही. मी इतकी वर्षे मुलांना घसारा समजावून सांगत होतो आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मुलांनाही पडला नाही, कारण तो पडू नये अशाच रीतीने मी शिकवत होतो.

यावर तुम्ही म्हणाल की एका बोअरवरून शास्त्राला दोष देऊ नका. मान्य आहे. पण राज्यातल्या पिकांखालच्या क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास असलेला ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो, ही आकडेवारी कृषी खर्च व मूल्य आयोगाने दिलेली आहे. इतके पाणी एका पिकाकडे वळते, ते शेतकऱ्याला समजत नाही म्हणून नव्हे. उसाला ठरलेला दर आहे आणि घेणारा कारखाना आहे. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी भावाने ते विकावे लागले. भावाने मला या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडून दाखवल्या, तेव्हा त्याला ऊस लावू नकोस असे मी सांगू शकलो नाही. कल्याण मोजा, पाणी मोजा, असे मी सभेत म्हणतो. पण त्या मोजणीतून त्याच्या मुलीच्या शिक्षणाची फी कशी निघणार, हे सांगता येत नाही. माझ्या घरची फी पगारातून निघाली होती.

यंदा त्याने चार एकरांऐवजी दोन एकर ऊस लावला आहे, तोही ठिबकवर. मी आग्रह धरला म्हणून आमच्या बोअरवरून चुलतीच्या हौदापर्यंत पाइप टाकला आहे, आणि तिने पुन्हा एक म्हैस घेतली आहे. हौद आधी आणि ऊस नंतर, असे भावाने कबूल केले आहे. मार्चमध्ये पाणी खाली गेल्यावर तो ते पाळेल की नाही, हे मलाही ठाऊक नाही, म्हणून त्या महिन्यात मी गावीच राहणार आहे.