कोलेस्टेरॉल ६८

"सर, बाकी काही असू द्या, अप्पांचं कोलेस्टेरॉल तर भारी आलंय," म्हणत मुलानं रिपोर्ट माझ्यापुढं धरला. एकूण ६८, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल ९. त्याच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. मला मात्र तो आकडा बघून धस्स झालं.

मी लातूरला एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. अप्पा औसा तालुक्यातले. शुगर जुनी, त्यात पायात बाभळीचा काटा मोडला आणि जंतुसंसर्ग रक्तात गेला. मग पडलेलं बीपी वर ठेवायची औषधं, व्हेंटिलेटर, सगळं ओघानं आलं. ताप उतरला, झोपेची औषधं बंद केली, अप्पा डोळे उघडून बघायला लागले. पण हातपाय हलेनात.

"अंगावरून वारं गेलं का हो सर?"

वारं गेलं की बहुतेक एक बाजू जाते. इथं दोन्ही बाजू सारख्याच लुळ्या होत्या. नखाच्या मुळाशी पेन दाबला, तर अप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या, डोळे गच्च मिटले. बोट मात्र तसूभर मागं सरकलं नाही. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला नाही. आम्ही खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा, घोटा अशा दोन्हीकडच्या 12 हालचालींना 0 ते 5 गुण देतो. एकूण 60 पैकी 48 च्या खाली आलं की आयसीयूतली कमजोरी धरायची. अप्पांचे 22 भरले.

ही तपासणी पेशंट शुद्धीवर आल्या दिवशीच व्हायला पाहिजे. पण आमच्याकडं फिजिओला बोलावणं येतं ते डिस्चार्ज तोंडावर आला की. याचा मला मनापासून राग येतो.

बाहेरून फोनवर कुणीतरी 'गिया बारे' म्हणालं, म्हणजे बहुतेकदा नसांवरचं आवरण खराब होऊन लुळेपणा आणणारा आजार. त्याची इंजेक्शनं लाखांत जातात. घरात एकर विकायची बोलणी सुरू झाली. मी आणि आमच्या डॉक्टर मॅडमनी नसांच्या तपासणीचा आग्रह धरला. पट्टीवर नसेतून जाणाऱ्या विजेचा वेग जवळपास शाबूत होता, लाटांची उंची मात्र पार बसलेली. म्हणजे नसेवरचं आवरण ठीक, आतला तंतूच मेलेला. आधी जंतुसंसर्ग, मग व्हेंटिलेटर, मग लुळेपणा हा क्रमही जुळत होता. कॅनडातल्या बोल्टन यांनी 1984 मध्ये मांडलेला गंभीर आजारातला नसांचा विकार तो हाच. त्याला इंजेक्शन नाही. शुगर सांभाळायची, रोज हातपाय हलवायचे, लवकर बसवायचं. एकर वाचला.

मुलाला मग कोलेस्टेरॉलचं समजावलं. जंतुसंसर्ग शरीरभर पसरला की हा आकडा खाली कोसळतो. यकृताचं काम मंदावतं, आणि जंतूंचं विष बांधून ठेवण्यात एचडीएल खर्ची पडतं. इतका कमी आकडा म्हणजे आजार फार खोल गेल्याची खूण. त्यानं तर घरी तेल बंद करायचं ठरवलंच होतं! "भाकरीवर शेंगदाण्याची चटणी-तेल द्या, अंडं द्या, अंगात मांस भरू द्या," म्हणालो. चरबीच्या भीतीनं माणसं आजाऱ्याला उपाशी ठेवतात, हे मी रोज बघतो.

माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाही. नसांच्या आवरणातही कोलेस्टेरॉल असतंच; पण अप्पांचं आवरण धड होतं, तंतू गेले. मग आकडा पडणं आणि नसा मरणं या एकाच आजाराच्या दोन खुणा, की पहिलीचा दुसरीला हातभार लागतो? निदान एवढा कमी आकडा दिसला त्या दिवशी नसांचा धोका ओळखून मला बोलावता आलं असतं का? मॅडमशी यावर बोलणं चालू आहे.

मागच्या तपासणीला अप्पांचं कोलेस्टेरॉल 140 च्या पुढं होतं. हाताचा घास तोंडापर्यंत जातो. घोटे अजून उचलत नाहीत. नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते, आणि पाय फार लांब आहे.