तीनशे अकराचा भागाकार

गिरगावातल्या आपल्या शाळेने मला पुष्कळ दिलं. त्यात एक दहा अंकी संख्याही आहे : २,१४,७४,८३,६४७. दोनाच्या एकतिसाव्या घातातून एक वजा केला की ती मिळते. नववीत गणिताच्या सरांनी ती फळ्यावर लिहिली आणि ही मूळ संख्या आहे म्हणाले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, कशावरून?" सरांनी पाठ्यपुस्तक मिटलं. त्या दिवशी पोर्शन पुढे सरकला नाही.

वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, एवढं आम्हाला ठाऊक होतं. इथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे जातं आणि तिथवर पावणेपाच हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. गणितज्ञ ऑयलरने ते काम आटोक्यात आणलं. या संख्येला कोणत्याही मूळ संख्येने भाग जायचा असेल, तर त्या भाजकाला ६२ ने भागून बाकी १ च उरली पाहिजे. शिवाय ८ ने भागून १ किंवा ७. दोन्ही अटी एकत्र केल्या की भाजकाला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ एवढंच शक्य राहतं. म्हणजे पावणेचारशेच्या आत भागाकार! १७७२ साली हा निकाल प्रसिद्ध झाला, तेव्हा ऑयलरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. हे सांगताना सरांचा आवाज बदलायचा.

पहिला भाजक ३११. वर्गातली एक मुलगी फळ्याशी गेली, खडूने अंक उतरवत उतरवत ६९,०५,०९२ पर्यंत आली आणि बाकी राहिली ३५. पुढचे भाजक सरांनी बाकाबाकांवर वाटून दिले. माझ्या वाटणीचे मी चाळीच्या गॅलरीत बसून केले. बाकी शून्य येत नाही याचा एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

पुढे नोकरी संगणकाची लागली आणि तीच संख्या तिथेही भेटली. ३२ बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ च्या बत्तीस जागांत अधिक-उणे चिन्हासह साठवलेल्या पूर्णांकाची ती कमाल मर्यादा. १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रणालींत ती १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी गाठली जाईल. तिच्या मूळ असण्याशी याचा काही संबंध नाही. मला मात्र तिचं मूळ असणंच जास्त मोलाचं वाटतं, कारण ते आम्ही हाताने तपासलं होतं.

दोनाच्या कोणत्या घातांतून एक वजा केला की मूळ संख्या मिळते, अशा घातांकांची यादी फ्रेंच गणितज्ञ मर्सेनने १६४४ मध्ये दिली होती. त्यात ३१ बरोबर होता, ६७ चुकीचा. १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ कोलने दोनाच्या ६७ व्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्येचे दोन अवयव दाखवले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. नामवंताने सांगितलं तरी भागून बघा, हा सरांचा आग्रह त्यामुळेच असावा.

शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने आजच्या शिक्षकांना एक विनंती. एक तास या संख्येला द्या. ३११ नंतरचा मूळ भाजक १३०३ आहे. तो मुलांना फळ्यावर करू द्या. बाकी २२६ यायला हवी.