0270 म्हणजे किती?

विमानं वाट चुकतात कशी, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी विमान कंपनीत डिस्पॅचर आहे, म्हणजे रूट, इंधन, हवामान ह्याचा कागद करून पायलटला देणारा माणूस, त्यामुळं अंबाजोगाईला गेलो की चहा पिता पिता कुणीतरी विचारतंच, "एवढे कॉम्प्युटर असून ह्या पायलटांचा नकाशा चुकतो कसा रे?"

आमचे दादा मोजणी खात्यात होते. सातबाऱ्यावर क्षेत्र 0.27.00 असं असतं, म्हणजे 27 आर, पाऊण एकरही नाही. टिंब पुसट असलं की माणूस काहीही वाचतो, म्हणून दादा आकड्यावर बोट ठेवून मोठ्यानं म्हणायचे, शून्य हेक्टर सत्तावीस आर.

आता हे बघा. 3 सप्टेंबर 1989, ब्राझील. वारिग कंपनीचं बोइंग 737 संध्याकाळी माराबाहून बेलेंला निघालं, तासाभराचाही प्रवास नाही. कागदावर हेडिंग, म्हणजे विमानानं धरायची दिशा, उत्तरेपासून मोजलेल्या अंशांत छापलं होतं, 0270. शेवटचा आकडा दशांशाचा, म्हणजे 027.0, उत्तरेला अन् जरासं पूर्वेकडं. ही चार आकड्यांची पद्धत नवीन होती. कॅप्टननी वाचलं 270, म्हणजे सरळ पश्चिम, आपल्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीच्या एका टोकाला शेवटचं शून्य गाळून 27 रंगवलंय तीच दिशा. को-पायलट बाहेरून विमान बघून आला अन् त्यानी कागद न बघता कॅप्टनच्या बाजूच्या कंपासवर लावलेला आकडा बघून आपल्या बाजूला तोच लावला, आणि मला विचाराल तर विमान तिथंच चुकलं, वाचताना नाही. चूक एकाची होती, ती दोघांची झाली अन् मग तिला पकडणारं कुणी उरलंच नाही.

लातूरहून अंबाजोगाईला संध्याकाळच्या एसटीनं या, ऊन डाव्या खिडकीतून येतं. बेलेंला जातानाही सूर्य डावीकडंच पाहिजे होता, तो समोर होता! तरी ते जात राहिले, कारण दोन्ही कंपास एकच सांगत होते. शेवटी रात्री इंधन संपलं अन् विमान ॲमेझॉनच्या जंगलात उतरवावं लागलं. 54 जण होते, बरेचसे वाचले, सगळे नाही.

अन् कॉम्प्युटरचं म्हणाल तर 20 डिसेंबर 1995, कोलंबियातलं काली. अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग 757 होतं. चार्टवर, म्हणजे पायलटच्या नकाशावर, रोझो नावाच्या बीकनपुढं (वाट दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ यंत्र) 'आर' लिहिलेलं, म्हणून त्यांनी विमानाच्या कॉम्प्युटरमध्ये 'आर' टाइप केलं, यादीत सगळ्यात वर आलं ते बोगोटाजवळचं रोमिओ नावाचं दुसरंच बीकन, अन् तेच एंटर झालं. मशीनमध्ये रोझो पूर्ण नावानं होतं. चार्टची खूण वेगळी, मशीनची वेगळी. रात्रीची वेळ, दरीतून खाली उतरणं चालू, अन् विमान डावीकडं डोंगराकडं वळलं. 159 माणसं गेली. त्यात पायलटला वाचता येत नव्हतं असं कुणी म्हणू नये, चार्टवर जे होतं तेच त्यानी टाइप केलं, फक्त मशीननी काय धरलं ते दुसऱ्यानी तपासायच्या आत एंटर झालं.

म्हणून उतरायच्या आधी चार्टचा नंबर, तारीख, कोर्स म्हणजे दिशा, उंची एकानी मोठ्यानं वाचायची अन् दुसऱ्यानी स्वतःच्या चार्टवर बघायची, असं असतं. घाईत नेमकं हेच राहतं. मी पण क्रूशी बोलताना आकडे सुटे सुटे म्हणतो, शून्य, दोन, सात, टिंब, शून्य.

दादांना आता नीट दिसत नाही. मागच्या दिवाळीत त्यांना सातबारा वाचून दाखवला, बरोबर वाचला होता. "बरं," म्हणाले, अन् कागद माझ्या हातातून घेऊन, उजेडात धरून, बोट ठेवून स्वतः परत वाचला.