आकृतीवर विसंबण्याची खोड: भूमितीच्या एका अभ्यासक्रमाचा अनुभव

नववी-दहावीला भूमिती शिकवण्यात माझी बारा वर्षे गेली होती. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत आलो आणि इथेही शिकवावे असे मी ठरवले, तेव्हा शिक्षकाच्या परवान्यासाठी माझ्या बी.एस्सी.च्या गुणपत्रिका तपासणीला गेल्या. काही महिन्यांनी उत्तर आले की बाकीचे विषय मान्य आहेत, मात्र ‘भूमिती’ हा रकाना रिकामा आहे. त्रिमितीय वैश्लेषिक भूमितीचा माझा पेपर त्यांनी बीजगणिताच्या खात्यात टाकला होता. पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा अभ्यासक्रमच करून टाकावा, असा विचार करून मी जवळच्या विद्यापीठात ‘युक्लिडीय आणि अयुक्लिडीय भूमिती’ या विषयासाठी नाव घातले. वर्गात बहुतेक मुले विशीतली होती आणि मी एक्केचाळीस वर्षांची होते. त्रिकोण आणि समांतर रेषा मला कोण नव्याने शिकवणार, अशी घमेंड मनात होती, हे कबूल केले पाहिजे.

ती पहिल्याच तासाला उतरली. प्राध्यापकांनी फळ्यावर एक त्रिकोण काढला आणि प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो हे ‘सिद्ध’ करून दाखवले. त्रिकोण अबक मधील कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक ड या बिंदूत छेदतात असे मानायचे, ड पासून उरलेल्या दोन बाजूंवर लंब टाकायचे, आणि मग कोकोबा व कर्णभुजा कसोट्यांनी त्रिकोणांच्या जोड्या एकरूप दाखवत जायचे. शेवटी समान तुकड्यांची बेरीज करून अब आणि अक समान निघतात. मी ओळ न् ओळ तपासली, कसोट्या सगळ्या बिनचूक होत्या. घरी येऊन मुलाच्या कंपासपेटीने नीट आकृती काढली तेव्हा कुठे चूक सापडली. बाजू असमान असतील तर ड हा बिंदू त्रिकोणाच्या बाहेर पडतो, आणि दोन लंबांपैकी एकाचा पाद बाजूवर, तर दुसऱ्याचा वाढवलेल्या बाजूवर येतो. म्हणजे एका बाजूसाठी बेरीज करायची असते आणि दुसरीसाठी वजाबाकी. कोणता बिंदू कोणत्या दोन बिंदूंच्या दरम्यान आहे, एवढाच सारा प्रश्न होता. नववीच्या पुस्तकात ‘दरम्यानता’ नावाचा एक छोटा घटक आहे. परीक्षेत त्याला फारसे गुण नसतात, म्हणून मी तो दर वर्षी एका तासात उरकत असे.

दरम्यानतेसाठी स्वतंत्र गृहीतके लागतात, हे युक्लिडच्या ग्रंथात कुठेही लिहिलेले नाही. ती उणीव जर्मन गणिती हिल्बर्टने १८९९ साली व्यवस्थित भरून काढली, आणि आमचे पहिले पाच आठवडे त्याच गृहीतकांवर गेले. पहिल्या गृहपाठात समद्विभुज त्रिकोणाचे पायालगतचे कोन एकरूप असतात हे सिद्ध करायचे होते. मी सवयीने पक्ष, साध्य आणि रचना मांडली: ‘कोन अ चा दुभाजक काढा, जो बाजू बक ला ड मध्ये छेदतो.’ वही परत आली तेव्हा ‘छेदतो’ या शब्दाभोवती लाल वर्तुळ होते आणि शेजारी प्रश्न होता, ‘कशावरून?’ आकृतीत तर तो छेदताना दिसत होता. कोनाच्या आतून निघालेला किरण समोरची बाजू छेदतोच, हे सिद्ध करावे लागते; त्याला क्रॉसबार प्रमेय म्हणतात आणि त्याची सिद्धता मूळ प्रमेयाच्या सिद्धतेहून लांब आहे. खाली प्राध्यापकांनी प्राचीन ग्रीक गणिती पॅपसची सिद्धता लिहिली होती: दुभाजक वगैरे काही न काढता त्रिकोण अबक आणि त्रिकोण अकब यांनाच दोन वेगळे त्रिकोण समजा आणि बाकोबा कसोटी लावा. दोन ओळींत काम संपते. बारा वर्षांत मी तो दुभाजक किती वेळा काढला असेल याचा हिशेब नाही, आणि त्याची गरजच नव्हती, याचे मला दोन दिवस वाईट वाटत राहिले.

खरा धक्का मात्र समांतर रेषांच्या प्रकरणात बसला. छेदिकेमुळे होणारे व्युत्क्रम कोन एकरूप असतील तर रेषा समांतर असतात हे एक प्रमेय, आणि रेषा समांतर असतील तर व्युत्क्रम कोन एकरूप असतात हा त्याचा व्यत्यास. ही दोन्ही मी एकाच आठवड्यात, एकाच सुरात शिकवत आले होते. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकात यांतले पहिले २७ वे विधान आहे आणि दुसरे २९ वे. पहिली २८ विधाने त्याने पाचव्या गृहीतकाला, म्हणजे रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला एकच समांतर रेषा जाते या अर्थाच्या विधानाला, हात न लावता सिद्ध केली आहेत. २९ व्याला मात्र त्याला ते वापरावेच लागले. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते हे सिद्ध करताना आपण शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढतो आणि व्युत्क्रम कोन एकरूप आहेत म्हणतो, तेव्हा आपण २७ व्याच्या नव्हे, २९ व्याच्या आधाराने बोलत असतो.

पाचवे गृहीतक काढून घेतले तर हाती काय उरते? बाह्यकोन हा प्रत्येक दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा असतो, एवढे उरते. तो त्या दोघांच्या बेरजेइतका असतो, हे जाते. कोनांची बेरीज १८० पेक्षा जास्त नसते, हेही उरते, आणि साकेरी व लजांद्र या गणितींच्या नावाने ओळखले जाणारे त्याचे प्रमेय मला या अभ्यासक्रमात सर्वांत जास्त आवडले. एका शिरोबिंदूतून मध्यगा काढून ती तेवढीच पुढे वाढवायची आणि नवा त्रिकोण घ्यायचा. कोनांची बेरीज तीच राहते, पण एक कोन मूळ कोनाच्या निम्मा किंवा त्याहून लहान होतो. हे करत गेले की तो कोन हवा तितका लहान होतो, आणि बेरीज १८० च्या वर असती तर उरलेल्या दोनच कोनांची बेरीज १८० च्या वर जाईल, जे अशक्य आहे. ‘जास्त नसते’ इथपर्यंत असे पोहोचता येते. ‘कमी नसते’ हे मात्र पाचव्या गृहीतकाशिवाय कोणालाही सिद्ध करता आले नाही. साकेरीने १७३३ साली बेरीज कमी मानून एकामागून एक निष्कर्ष काढले, आणि शेवटी विसंगती न सापडताच हे सरळ रेषेच्या स्वभावाविरुद्ध आहे म्हणून ते मोडीत काढले. लोबाचेव्हस्कीने १८२९ साली आणि यानोश बोयाईने १८३२ साली, वडिलांच्या ग्रंथाला जोडलेल्या परिशिष्टात, तीच वाट चालून ती नवी भूमिती म्हणून मांडली. युक्लिडची भूमिती विसंगतीमुक्त असेल तर हीसुद्धा तशीच आहे, हे बेल्ट्रामीच्या १८६८ च्या कामानंतरच पक्के झाले.

हे सगळे पटत होते, पण दिसत नव्हते. प्वांकारेच्या तबकडीत, म्हणजे ही नवी भूमिती एका वर्तुळात मांडणाऱ्या चित्रात, रेषा म्हणजे कडेला काटकोनात भेटणारे वर्तुळकंस असतात. ते काढायला मी शिकले, तरी ही ‘खरी’ रेषा आहे असे मन मानेना. मग वर्गात गणितज्ञ डाइना टाइमिना यांचे नाव निघाले. त्यांनी १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्रोशाने अपास्तीय (हायपरबोलिक), म्हणजे याच नव्या भूमितीतले, प्रतल विणले होते. क्रोशा मला आईने शिकवला आहे, त्यामुळे ही गोष्ट हातची होती. जाड लोकर घेतली, २० टाक्यांची साखळी घातली आणि दर पाच खांबांमागे एक खांब वाढवत गेले. दहाव्या ओळीत सुमारे १२४ खांब झाले, पंधराव्या ओळीत तीनशेच्या वर. शेवटची ओळ विणायला पूर्ण संध्याकाळ गेली. तयार झाला तो चुण्या-चुण्यांचा, टेबलावर सपाट न बसणारा तुकडा. तो जिथे घडी घालाल तिथे सरळ रेषा मिळते. एका रेषेबाहेरच्या बिंदूतून मी तीन घड्या घातल्या, रंगीत धाग्याने टाके घालून पक्क्या केल्या, आणि तिन्ही त्या रेषेला कुठेच भेटत नव्हत्या. दहा-दहा सेंटीमीटर बाजूंचा त्रिकोण करून कोनमापक लावला तर एकेक कोन जेमतेम ४० अंशांच्या आसपास भरला.

अंतिम परीक्षेत एक प्रश्न असा होता: अपास्तीय भूमितीत दोन त्रिकोणांचे कोन अनुक्रमे एकरूप असतील तर ते त्रिकोणही एकरूप असतात, हे सिद्ध करा. आपल्याकडे कोकोको ही समरूपतेची कसोटी. इथे लहान-मोठे समरूप त्रिकोण नसतातच. मी लहान त्रिकोण मोठ्यावर ठेवला, उरलेल्या चौकोनाच्या कोनांची बेरीज ३६० येते हे दाखवले, आणि अपास्तीय चौकोनात ती ३६० पेक्षा कमी असते म्हणून विसंगती, असे लिहून समाधानाने पेन खाली ठेवले.

अभ्यासक्रम मी उत्तीर्ण झाले आणि परवान्याचा तो रकाना भरला. उत्तरपत्रिका पाहायला गेले तेव्हा त्या प्रश्नाला दहापैकी आठ गुण होते. एक बाजू आखूड आहे म्हणून दुसरीही आखूड असणारच, असे मी धरून चालले होते. दुसरा बिंदू बाजूच्या पुढे गेला तर दोन रेषाखंड एकमेकांना छेदतात, चौकोन तयारच होत नाही, आणि ती शक्यता बाह्यकोनाच्या प्रमेयाने वेगळी निकालात काढावी लागते. माझ्या आकृतीत दोन्ही बिंदू बाजूंवरच होते. लाल शाईत पुन्हा तेच विचारले होते, ‘कशावरून?’