गळा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय मी आपणहून काढत नाही. सांगलीतल्या हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना मी गेली पस्तीस वर्षे ऑर्गनची साथ करतो आहे, आणि २०१५ पासून प्रयोगानंतरच्या चहाच्या वेळी कोणी ना कोणी मला एकच प्रश्न विचारतो : ‘‘काका, ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट सगळ्यांनी डोक्यावर घेतला, मग त्यातले खाँसाहेब तुम्हालाच का पटले नाहीत?’’ प्रश्नात थोडी चेष्टा असते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे ‘सीता स्वयंवर’ हे पहिले मानले जाणारे मराठी नाटक रंगवले, तेव्हापासून सांगलीकर स्वतःला नाटकाचे मालक समजतात, असा तिचा रोख असतो, आणि तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही.

गोष्ट दोन गायकांच्या दरबारातल्या चढाओढीची, आणि त्यातला मत्सराने पेटलेला गायक म्हणजे खाँसाहेब. ते झालेल्या सचिन पिळगांवकरांच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधी सांगतो. खाँसाहेबांचा मत्सर, दरबारातली घुसमट, मुलीसमोर ओशाळणे हे सारे त्यांनी नीट केले आहे. माझी अडचण मी जिथे बसतो तिथून सुरू होते. ऑर्गनवाला रंगमंचाच्या पायथ्याशी बसतो, त्यामुळे त्याला नट खालून, हनुवटीच्या बाजूने दिसतो. पदाची ओळ संपून तान सुटण्याआधी नट श्वास कुठे घेणार, हे मी त्याच्या बरगड्यांवरून ओळखतो आणि तेवढ्या फटीत सूर भरून ठेवतो. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्याच्या, एक मात्रा आधी गायकाची नजर तबल्याकडे जाते, हाताची बोटे किंचित आवळली जातात, मान खाली येते. प्रेक्षकाला यातले काही वेगळे करून दिसत नाही. त्याला फक्त एवढेच वाटते की हा माणूस गातो आहे.

शाळकरी वयात मी वडिलांबरोबर वसंतराव देशपांडे यांना खाँसाहेबांच्या भूमिकेत पाहिले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आले तेव्हा वसंतराव ४७ वर्षांचे होते. मी पाहिले तेव्हा आणखी पुढे गेलेले होते. ‘तेजोनिधी लोहगोल’ गाताना त्यांचा चेहरा देखणा दिसत नव्हता, आणि खाँसाहेबांचा तो दिसायलाही नको होता. सूर्याला हाक मारणारा तो माणूस आतून हरलेला आहे, हे संवादातून कळण्याआधी मला त्या तानेच्या कष्टातून कळले. जितेंद्र अभिषेकींनी चाल बांधताना हा गळा आणि हा चेहरा समोर धरला असला पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

चित्रपटात खाँसाहेबांचा चेहरा सचिन यांचा होता आणि गळा राहुल देशपांडे यांचा, म्हणजे वसंतरावांच्या नातवाचा. राहुल यांच्या गाण्यात काही कमी नव्हते. उलट तिथेच घोटाळा झाला. आवाजात जो जोर होता तो पडद्यावरच्या बरगड्यांत नव्हता. ओठ बरोबर हलत होते, भुवया बरोबर चढत होत्या, पण एवढी लांब तान घेऊन झाल्यावर माणसाला जी धाप लागते ती कुठेच नव्हती. मी अंधारात खुर्चीच्या हातावर बोटे टेकवून श्वासाची जागा शोधत होतो आणि दर वेळी चुकत होतो. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींनी माझा हात धरून ठेवला, कारण पुढच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले होते.

त्याच चित्रपटात खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी गायक पंडितजी यांच्या भूमिकेत शंकर महादेवन आहेत. ते नट नव्हेत, आणि नुसत्या संवादांच्या प्रसंगांत ते जाणवते. पण ते गाऊ लागले की सगळा प्रसंग जाग्यावर येतो. दोन्ही खुर्च्यांवर एकाच तऱ्हेची माणसे बसवली असती, दोन्ही गाणारी किंवा दोन्ही न गाणारी, तर कदाचित मला हे इतके खुपले नसते. इथे सामनाच गाण्याचा आहे, आणि त्यात एक जण स्वतः गातो, दुसऱ्यासाठी कोणी तरी गाते.

यावर हुशार माणसे मला ‘बालगंधर्व’ची आठवण देतात. २०११ च्या त्या चित्रपटात चेहरा सुबोध भावे यांचा आणि गळा आनंद भाटे यांचा होता. मग तिथे मी का रडलो? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की नारायणराव राजहंसांच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, गायकीत चेहरा प्रसन्न ठेवणे हाच गाण्याचा एक भाग होता. कष्ट लपवणे हेच तिथले कसब. जो श्वास दिसूच द्यायचा नाही, तो पडद्यावर दिसला नाही म्हणून काही बिघडत नाही. खाँसाहेबांचे तसे नाही.

ही फारकत फक्त आपल्याकडची नाही. ‘माय फेअर लेडी’ या १९५६ च्या संगीतिकेत नायिका एलायझा रंगमंचावर उभी केली ज्युली अँड्र्यूज यांनी, पण १९६४ च्या चित्रपटात निर्मात्यांना मोठे नाव हवे होते म्हणून ऑड्री हेपबर्न आल्या आणि त्यांची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेने म्हटली. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली, हेपबर्न यांना मात्र नामांकनही मिळाले नाही. त्या वर्षीचा अभिनेत्रीचा पुरस्कार गेला अँड्र्यूज यांच्याकडेच, दुसऱ्या चित्रपटासाठी. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. नायक रेक्स हॅरिसन यांनी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला, म्हणून त्यांच्या टायमध्ये मायक्रोफोन दडवून त्यांचे गाणे चित्रीकरणाच्या वेळीच टिपले गेले. ते धड गात नाहीत, अर्धे बोलतात. तरी त्यांचा श्वास त्यांचाच आहे.

अर्थात स्वतः गाणे एवढ्याने भागत नाही, हेही मला मान्य केले पाहिजे. ‘ले मिझराब्ल’च्या २०१२ च्या चित्रपटात सगळे नट चित्रीकरणातच गायले, कानात पियानोची साथ होती आणि पियानोवाला नटाच्या लयीने चालत होता. साथीदार म्हणून मला ही पद्धत स्वर्गासारखी वाटते. पण त्यातला पोलीस अधिकारी झालेले रसेल क्रो गाऊ लागले की तो कर्दनकाळ एकदम सौम्य होतो, कारण भूमिकेला लागणारे वजन गळ्यात नाही.

उलट बाजूही आमच्याच जिल्ह्याची आहे. नागठाण्याचे नाव ज्यांच्यामुळे सर्वतोमुखी झाले त्या बालगंधर्वांना प्रभात फिल्म कंपनीने १९३५ साली ‘धर्मात्मा’त संत एकनाथ केले. आयुष्यभर शालू नेसून ज्यांनी महाराष्ट्राला वेड लावले, त्यांना पुरुषवेशात पाहणे लोकांना परके वाटले. म्हणून १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा स्त्रीवेशात आले, पण तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. रंगमंचावर दहाव्या रांगेतल्या माणसाने त्यांचे वय कधी मोजले नसते. कॅमेरा मात्र नटाच्या पुढ्यात येऊन बसतो. २०२५ च्या ‘संगीत मानापमान’मध्ये ४९ वर्षांच्या सुबोध भाव्यांना तरणाबांड नायक धैर्यधर म्हणून पाहताना मला हेच झाले, आणि त्याबद्दल याहून अधिक बोलण्यासारखे माझ्याकडे नाही.

मग शेवटी तुम्ही विचारता की खाँसाहेब कोणी करायला हवे होते. रंगमंचावर नव्याने आलेल्या ‘कट्यार’मध्ये ते राहुल देशपांडेच करत होते, हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पण दिग्दर्शकाच्या जागी बसून पाहिले तर पेच खरा होता : २०१५ मध्ये राहुल ३६ वर्षांचे होते, आणि खाँसाहेबांची मुलगी जरीना झालेल्या अमृता खानविलकर त्यांच्याहून जेमतेम पाच वर्षांनी लहान. नाटकात पांढरी दाढी लावली की काम झाले. पडद्यावर त्या दाढीच्या डिंकापर्यंत सगळे दिसले असते. पुढे ‘मी वसंतराव’मध्ये राहुल स्वतःच्या चेहऱ्याने आणि स्वतःच्या गळ्याने आजोबा झाले, तेव्हा चित्रपटगृहात माझी बोटे एकदाही चुकली नाहीत. मला तो डिंक दिसला असता तरी चालला असता.