आमची वाटचाल : मसाल्याच्या चक्कीपासून कोंबडीच्या खाद्यापर्यंत

आमच्या घरात अंडं चालत नाही. धंदा मात्र अंड्यांवरच चाललाय, आणि इंदूरचे सगळे नातेवाईक यावरून आम्हाला चिडवतात.

बाबांची सियागंजात मसाल्याची चक्की. हळद सांगलीची, मिरची निमाडातल्या बेडियाच्या मंडीतली, धणे-मेथी मंदसौर-नीमचकडची. लेअर फार्मसाठी, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांसाठी, मसाल्यांचं मिश्रण मी सुरू केलं ते 2019 नंतर. त्या जुलैत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांत कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी घातली आणि पोल्ट्रीवाले विचारू लागले, "आता त्याच्याऐवजी काय?" आम्ही हळद, लसूण, मेथी, मिरी कुटली आणि पाकिटावर रोगांची नावं घालून वाट्टेल ते छापलं. ते पाकीट आज हातात आलं की लाज वाटते.

फटका बसला रंगात. महूकडच्या एका पोल्ट्रीवाल्यांना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, हळदीने बलक गर्द होईल. मका महागला म्हणून त्यांनी खाद्यात तांदळाची कणी वाढवली होती. तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावलं आणि स्टीलच्या ताटलीत दोन अंडी फोडली, एक आमच्या मिश्रणाचं, एक शेजारच्या शेडचं. दोन्ही बलक सारखेच फिके. "भाऊ, हळद गेली कुठे?" मी गप्प. पोती परत आली.

मग एका ओळखीच्या पशुवैद्यांनी शिकवणी घेतली. हळदीतलं पिवळं द्रव्य, कर्क्युमिन, बलकात जवळजवळ उतरतच नाही. रंग येतो तो मक्यातल्या आणि झेंडूतल्या पिवळ्या द्रव्यांनी, वर लाली चढते ती तांबड्या मिरचीतल्या कॅप्सँथिन या लाल द्रव्याची. आधी झेंडूचा पिवळा पाया, मग मिरची.

मिरचीचं ऐकून आई कळवळली, "अरे, बिचाऱ्यांची तोंडं भाजतील!" नाही भाजत. तिखट जाणवून देणारी जी यंत्रणा आपल्या शरीरात आहे, ती पक्ष्यांत कॅप्सेसिनला, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याला, दाद देत नाही. म्हणून तर रानमिरच्या पाखरं खातात आणि बी लांबवर टाकतात. भाजतं ते आमच्या चक्कीवरच्या पोरांना, नाकाला दोन पदरी फडकं बांधूनही.

मिरचीत दमट माल आला की बुरशी, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष, आणि मग अंडी घटतात. म्हणून पोत्याच्या पोटातून मूठभर काढून मोडून बघतो. कडकन तुटली तर ठेवायची, वाकली तर गाडी परत. तरी लॉटची तपासणी लॅबमध्ये करतोच, डोळ्यांना अफ्लाटॉक्सिन दिसत नाही. फार चकाकणारं हळकुंडही घेत नाही. त्यावर लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा विषारी पिवळा रंग, चोळलेला असू शकतो.

पाकिटावर आता रोगाचं नाव नाही. कारखान्यामागे आठ कोंबड्या पाळल्यात, नवा लॉट आधी त्यांना. दहा-बारा दिवसांनी अंडं फोडून रंगाच्या पट्टीशी लावतो. उरलेली अंडी चक्कीवरची पोरं घरी नेतात. गेल्या लॉटची बुर्जी जरा जास्तच केशरी झाली म्हणाले, म्हणून यावेळी मिरची कमी केलीय.